ऊस दिवस कसा मोजतो?

उसास तुरा येणे ही गोष्ट गोदाकाठच्या बागाईतदारांस नवीन नाही. अंबड तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून व अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून या भागात उसाचे फड वाढले, आणि दिवाळीच्या पुढेमागे त्यांतील कित्येक फडांवर रुपेरी तुरे डोलू लागतात. रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूस ते दृश्य सुंदर वाटते. ज्याचा ऊस तोडणीच्या यादीत शेवटी आहे त्यास ते तितके सुंदर वाटत नाही. तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते. पुढील दीड-दोन महिने साखरेस विशेष बाध येत नाही, किंबहुना काही काळ उतारा बराच मिळतो. परंतु त्यानंतरही ऊस उभा राहिला तर डोळ्यांस पांगशा फुटतात, कांड्यांत दशी पडते व वजन घटत जाते. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात गाळप जूनपर्यंत लांबले. त्या वर्षी तुऱ्याचा ऊस घेऊन बसलेल्या शेतकऱ्यास या हानीचे गणित कोणी शिकवावयास नको.

तुरा का येतो, याचे ढोबळ उत्तर पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या अक्षांशावर जूनअखेरीचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो व डिसेंबरातील सुमारे अकरा तासांचा. दिवस उतरत उतरत साडेबारा तासांच्या आसपास येतो तो ऑगस्टची अखेर व सप्टेंबरचा आरंभ या दिवसांत. त्या वेळी ज्या उसास पुरेशी कांडी आलेली असतात आणि हवा फार उष्ण किंवा फार थंड नसते, त्या उसाच्या शेंड्यात पानाऐवजी तुऱ्याचा अंकुर धरला जातो. आपणांस तुरा दिसतो तो दोन-तीन महिन्यांनी. निर्णय मात्र पोळ्याच्या सुमारासच झालेला असतो. आता खरा प्रश्न असा की, ज्यास डोळे नाहीत व घड्याळ नाही, त्या उसाच्या पानास दिवस साडेबारा तासांचा झाला हे समजते कसे?

या प्रश्नाचा माग प्रथम अमेरिकेतील सरकारी शेतीखात्याच्या गार्नर व अॅलार्ड या दोघा संशोधकांनी काढला. तंबाखूची एक जात उन्हाळाभर उंच वाढे, पण फूल धरीत नसे. सोयाबीनची एक जात निरनिराळ्या तारखांस पेरली तरी फुलोऱ्यावर जवळजवळ एकदमच येई. खत, पाणी, उष्णता या सर्वांची पारख करून झाल्यावर त्यांनी रोपे दिवसातून काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवून पाहिली आणि १९२० साली जाहीर केले की, फुलोऱ्याची किल्ली दिवसाच्या लांबीत आहे. आपल्याकडे उशिरा पेरलेली तूर बुटकी राहूनही वेळेवर फुलते, त्यातील मर्म हेच होय. पुढे १९३८ साली हॅमनर व बॉनर यांनी दाखविले की, वनस्पती खरोखर मोजते ती दिवसाची लांबी नव्हे, तर अखंड रात्रीची. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तर त्या रात्रीचा सारा परिणाम पुसला जातो. शेवंतीचे बागाईतदार फूल लांबविण्यासाठी रात्री दिवे लावतात ते याच आधारावर. उसाचा तुराही अशा रीतीने रोखता येतो असे प्रयोगांत दिसले आहे, पण एकरच्या एकर उसात दिवे लावण्याचा खर्च कोण सोसणार?

दिवा लावला हे कळणारा पदार्थ कोणता, याचा शोध पुन्हा अमेरिकेच्या शेतीखात्यातच, बेल्ट्सव्हिल येथे लागला. १९५२ साली बोर्थविक, हेंड्रिक्स व त्यांचे सहकारी यांनी लेट्यूस या पालेभाजीचे ओले बी घेतले. तांबड्या प्रकाशाचा झोत दिला तर बी उगवे. त्यामागोमाग, डोळ्यास जेमतेम दिसणाऱ्या काळपट तांबड्या प्रकाशाचा झोत दिला तर ते उगवेनासे होई. पुन्हा तांबडा दिला तर पुन्हा उगवे. कितीही वेळा आलटून पालटून केले तरी शेवटचा झोत ज्या रंगाचा, त्याचाच हुकूम बी पाळी. यावरून अनुमान निघाले की, एकच पदार्थ दोन रूपांत राहतो व प्रकाश त्यास एका रूपातून दुसऱ्यात लोटतो. १९५९ साली तो पदार्थ यंत्रावर प्रत्यक्ष दिसला. त्यास फायटोक्रोम असे नाव मिळाले. ते एक प्रथिन आहे. त्याच्या खोबणीत एक लहान रंगद्रव्य बसविलेले असते. एक रूप ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषते, दुसरे ७३० च्या आसपासचा.

शेतात या जोडीचा उपयोग वनस्पती रोज करते. हिरवे पान तांबडा प्रकाश आपल्या पोषणासाठी गिळते आणि काळपट तांबडा खाली जाऊ देते. दाट फडाच्या आतील रोपावर पडणारा प्रकाश म्हणूनच बदललेला असतो. रोपास शेजाऱ्याची गर्दी समजते व ते फुटव्यांचा नाद सोडून उंचीच्या मागे लागते. पट्टा पद्धतीने लावलेल्या उसाची गोष्ट वेगळी का, याचे एक कारण येथे सापडते. रात्री मोजण्याचे काम मात्र फायटोक्रोम एकटे करीत नाही. अंधारात त्याचे एक रूप हळूहळू दुसऱ्यात पालटते व तेच वाळूच्या घड्याळासारखे काम देते, अशी पूर्वी कल्पना होती. ती अपुरी ठरली. वनस्पतीच्या पेशींत चोवीस तासांचे स्वतःचे घड्याळ चालू असते आणि फायटोक्रोमसारखी प्रथिने त्या घड्याळास बाहेर उजेड आहे की नाही, एवढी वर्दी देतात.

येथपर्यंतचा इतिहास जुना झाला. नवीन आहे तो असा की, प्रकाशाचा कण पडताच त्या खोबणीत काय घडते, हे आता क्षणाचे अतिसूक्ष्म तुकडे करून पाहता येते. पावसाळी रात्री वीज चमकली म्हणजे धावता बैल पाय उचललेल्या स्थितीत जागच्या जागी थिजल्यासारखा दिसतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बैल थांबलेला नसतो. विजेचा लखलखाट इतका आखूड असतो की तेवढ्यात बैलास हलावयास सवड मिळत नाही. लेसरची युक्ती हीच. मात्र रेणूतील अणू बैलापेक्षा फारच चपळ असल्यामुळे लखलखाट फेम्टोसेकंदांचा लागतो. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. फेम्टोसेकंदाचे सेकंदाशी जे प्रमाण, तेच एका सेकंदाचे सुमारे ३ कोटी १७ लक्ष वर्षांशी. जो प्रकाश सेकंदात ३ लक्ष किलोमीटर धावतो, तो इतक्या वेळात मिलिमीटरचा तीन हजारांवा हिस्साही जेमतेम ओलांडतो.

इतक्या आखूड घटना टिपणारे घड्याळ कोणापाशीही नाही. म्हणून अंतरावरून वेळ मोजतात. लेसरचे दोन झोत घेतात. पहिला, ज्यास पंप म्हणतात, प्रथिनास उठवितो. दुसरा, प्रोब, ते कोणत्या अवस्थेत आहे हे पाहून येतो. दुसऱ्या झोताच्या वाटेत आरसे ठेवून ते किंचित मागे सरकविले की त्यास जास्त वाट चालावी लागते व तो तेवढा उशिरा पोहोचतो. आरसा मिलिमीटरच्या अर्ध्याहून थोडा कमी सरकविला तर उशीर होतो तीन हजार फेम्टोसेकंदांचा, कारण वाट जाण्यायेण्याची असते. आरसा थोडाथोडा सरकवीत दरवेळी नवे चित्र घ्यावयाचे, आणि चित्रे ओळीने मांडली की हालचाल डोळ्यांपुढे उभी राहते. या विद्येबद्दल अहमद झेवेल यांस १९९९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फायटोक्रोमवर हा प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला व त्याचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक ज्योतिष्मान दासगुप्ता. ते पुढे मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व तेथे अशाच अतिजलद झोतांनी रेणूंचा अभ्यास करू लागले. प्रयोगासाठी त्यांनी उसाचे नव्हे, तर पाण्यातील एका निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवाचे फायटोक्रोम घेतले होते. पद्धत रामन परिणामावर आधारलेली होती. हा परिणाम चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यास शोधला. रेणूवर आदळून परतणाऱ्या प्रकाशाचा थोडा भाग रंग बदलून येतो, व त्या बदलावरून रेणूतील कोणता बंध कसा थरथरतो हे उमगते.

त्यांस आढळले ते असे. तांबडा प्रकाश पडल्यापासून ५०० फेम्टोसेकंदांच्या आत रंगद्रव्याच्या साखळीतील एक ठराविक दुहेरी बंध पिळवटू लागतो. त्यानंतर जे घडते ते आम्हांस फार विचार करावयास लावणारे वाटले. उठलेल्या शंभर रेणूंपैकी सुमारे ८५ रेणू तीन हजार फेम्टोसेकंदांत मुकाट्याने जुन्या रूपात परत बसतात. फक्त १५ रेणूंचा बंध पूर्ण फिरतो व ते नव्या रूपाच्या वाटेस लागतात. पुढील सर्व बदल या फिरण्यातून निघतात. ते सावकाश होतात आणि शेवटी पेशीपर्यंत वर्दी जाते.

याच्या शेजारी आपल्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन ठेवून पाहावे. त्यातील रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून होते; ते कमी पडले तर रातांधळेपणा येतो, म्हणून गाजर व हिरवा पाला खाण्यास सांगतात. १९९१ साली लेसरने असे दिसले की, त्यातील बंध अवघ्या २०० फेम्टोसेकंदांत फिरतो, आणि शंभरांतील सुमारे ६५ कण कामी येतात. तेच रंगद्रव्य प्रथिनाबाहेर काढून नुसते द्रवात ठेवले तर इतकी चपळाई राहत नाही. म्हणजे करामत एकट्या रंगाची नसून, त्यास धरून ठेवणाऱ्या खोबणीच्या घडणीची आहे. डोळ्यास मिणमिणत्या उजेडातही कण वाया घालवून चालत नाही. पानावर दिवसभर ऊन ओतत असते, तेव्हा शंभरांत पंधरा त्यास पुरतात. हा आमचा तर्क आहे. शास्त्रज्ञांचा निकाल म्हणून तो कोणी धरू नये.

मग शेतकऱ्यास यातून मिळाले काय? आज रोख असे काहीच नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. खोबणीची घडण बदलली की प्रथिनाची संवेदना बदलते, एवढे समजल्यामुळे उद्या कमी तुऱ्याची किंवा दाटीत न उंचावणारी जात जाणूनबुजून घडविण्याची वाट उघडते. पण ती वाट लांबची आहे. आणि तुरा हा शत्रूच आहे असेही नव्हे. कोइमतूरच्या ऊस संशोधन संस्थेत १९१२ पासून नव्या जाती निघाल्या त्या तुऱ्यांचा संकर करूनच. को ८६०३२ ही तेथलीच. तुरा मुळीच न येणारा ऊस संकरकारास निरुपयोगी होय. तूर्त, लेसरने बियाणे भारून देतो किंवा तुरा बंद करणारा प्रकाश देतो असे सांगणारा कोणी बांधावर आला तर त्याच्याकडे प्रयोगाचे आकडे मागावेत, व ते न दिल्यास त्यास चहा पाजून वाटेस लावावे.

आपल्या हाती असलेली गोष्ट साधी आहे. ज्या फडास लवकर तुरा आला त्याची तारीख लिहून ठेवून तोडणीच्या कार्यक्रमात तो फड पुढे घेण्याविषयी कारखान्याच्या शेतकी खात्याकडे वेळीच अर्ज करावा, आणि लागणीची वेळ व जात निवडताना ती तारीख ध्यानी ठेवावी. शिवाय आमची एक विनंती आहे. हल्ली रस्त्याकडेला, पेट्रोल पंपांपाशी व गोदामांवर रात्रभर जळणारे दिवे पुष्कळ झाले आहेत. ज्या सभासदांचा ऊस, सोयाबीन किंवा तूर अशा दिव्याखाली आहे, त्यांनी दिव्यापासून दहा, वीस व पन्नास पावलांवरील झाडांस तुरा अथवा फूल कोणत्या तारखेस आले, आणि सोयाबीनची पाने कोठपर्यंत हिरवी राहिली, हे लागणीच्या तारखेसह व जातीच्या नावासह मंडळाच्या कचेरीस कळवावे. जमलेली माहिती आम्ही पुढील अंकांतून छापू.