नेरुळचं कॉलेजातलं स्टेडियम

डोंबिवली-कल्याणवाल्यांनो, विद्यापीठाच्या आवारातलं इतकं मोठं स्टेडियम आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे, हे लक्षात असतं का? नेरुळचं डी. वाय. पाटील! ४ मार्च २००८ ला उद्घाटन, आराखडा हाफीज काँट्रॅक्टरांचा. छताला मधे खांबच नाहीत, त्यामुळे कुठेही बसा, खांबाआडून मान वाकडी करावी लागत नाही. (वानखेडेच्या जुन्या स्टँडमध्ये बसलेल्यांना याची किंमत कळेल!)

त्याच वर्षी पहिल्या आयपीएलची फायनल इथेच झाली, राजस्थानने शेवटच्या चेंडूवर जिंकलेली. पुढे फुटबॉलही रुळला: २०१७ चा १७ वर्षांखालील वर्ल्डकप, २०२२ मध्ये मुलींच्या वर्ल्डकपची फायनल. जस्टिन बीबर आणि कोल्डप्लेचे कार्यक्रमही इथेच.

पण माझ्या मते या मैदानाचं खरं सोनं महिला क्रिकेटने केलं. ३० ऑक्टोबर २०२५ ला महिला वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये भारताच्या जेमिमाच्या नाबाद १२७ धावा, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९! तीनच दिवसांनी फायनल. पावसाने सामना उशिरा सुरू, शफालीच्या ८७ धावा, दीप्तीचे ५ बळी आणि दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. भारताचा पहिला महिला वर्ल्डकप!

जायचं असेल तर ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरची नेरुळ लोकल पकडा. पनवेल गाडीत बसलात तरी चालेल, तीही नेरुळला थांबते.