हातातले वॉकी-टॉकी : परवाना, पल्ला आणि उंची

१. प्रश्न कोठून येतो

नवरात्रात दुर्ग-भिलाईहून डोंगरगडच्या बम्लेश्वरीला पायी जाणारे जथे तुम्ही पाहिले असतील. जथा दोन-तीन किलोमीटर लांबतो. शेवटी चालणाऱ्या एखाद्या आजींना चक्कर येते आणि औषधांची गाडी पुढे निघून गेलेली असते. खिशात मोबाइल असतो. पण एकाच टॉवरवर हजारो फोन आले की कॉल लागत नाही. मग मंडळात कोणीतरी सुचवते, ‘अमेरिकेतल्या भाच्याकडून जीएमआरएसचे दोन संच मागवू. पाच वॉटचे आहेत, खोक्यावर छत्तीस मैल पल्ला लिहिलाय.’

तो संच येथे का वापरता येत नाही आणि त्यावाचून आपले फारसे अडत का नाही, हे या पाठात पाहू.

२. जीएमआरएस म्हणजे काय

जीएमआरएस ही अमेरिकेतील सर्वसामान्य कुटुंबांसाठीची रेडिओसेवा आहे. ती ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तेथे त्यासाठी परीक्षा नसते, पण परवाना लागतो. तो दहा वर्षे चालतो आणि एका परवान्यावर घरातील सर्वांना बोलता येते. हा परवाना त्या देशापुरताच असतो. भारतात या वारंवारता जनतेसाठी खुल्या नाहीत; त्या परवानाधारक वापरकर्त्यांना वाटून दिल्या जातात. आपला संच सुरू केला, तर कोणाच्या कामाच्या बोलण्यात आपण अडथळा आणतो आहोत हे आपल्याला कळतही नाही. संच विकत घेतला म्हणजे तो वापरण्याचा हक्क मिळाला असे होत नाही.

३. भारतात काय खुले आहे

२०१८च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या हातातल्या संचांसाठी परवानामुक्त आहे. शक्तीची मर्यादा अर्धा वॉट. पट्टा २०० किलोहर्ट्झ रुंद आहे, १२.५ किलोहर्ट्झला एक याप्रमाणे त्यात १६ वाहिन्या बसतात.

खरेदी करताना दोन गोष्टी तपासा : वारंवारता याच पट्ट्यातली आहे का, आणि त्या मॉडेलला दूरसंचार विभागाची उपकरण-प्रकार मान्यता आहे का. ऑनलाइन विक्रेत्यांनी ही माहिती द्यावी, यासाठी २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ज्या संचात कोणतीही वारंवारता भरता येते, तो स्वस्त मिळाला तरी या सवलतीत बसत नाही.

४. ‘अर्धा वॉट’ पुरेल का

पल्ला मुख्यतः शक्तीवर ठरतो, असा बहुतेकांचा समज असतो. आकडेमोड करून पाहू.

४४६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३०० ÷ ४४६ = ०.६७ मीटर. रेडिओलहर ताणलेल्या दोरीसारखी जात नाही. दोन अँटेनांच्या मध्ये तिला काकडीच्या आकाराची मोकळी जागा लागते. हे फ्रेनेल क्षेत्र. मध्यभागी त्याची त्रिज्या = ½ × √(तरंगलांबी × अंतर). दोन किलोमीटरसाठी ती ½ × √(०.६७ × २०००), म्हणजे सुमारे १८ मीटर येते. संच मात्र तोंडाजवळ, जमिनीपासून दीड मीटरवर असतो. म्हणजे मैदान मोकळे दिसत असले तरी जमीनच आड येते. त्यात झाडे, क्वार्टर आणि लोखंडी शेड आले की पल्ला आणखी घटतो. छत्तीस मैल हा आकडा एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्यापर्यंतचा असतो, सेक्टरमधल्या गल्लीतला नव्हे.

सपाट जमिनीवर थेट आलेली लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना बरीचशी मारतात. त्यामुळे मिळणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घातानुसार घटते आणि दोन्ही उंचींच्या वर्गांनुसार वाढते. यावरून :

• शक्ती दहापट (अर्ध्या वॉटवरून पाच वॉट) केली, तर पल्ला दहाच्या चतुर्थमूळाइतका, म्हणजे १.८ पट वाढतो.
• एका टोकाची उंची दहापट (दीड मीटरवरून पंधरा) केली, तर पल्ला दहाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे ३.२ पट वाढतो.

थोडक्यात, बेकायदा संच घेण्यापेक्षा चार मजली इमारतीच्या गच्चीवर एक माणूस उभा करणे अधिक उपयोगी आहे, आणि त्याला खर्चही नाही.

५. प्रत्यक्ष मांडणी

डोंगरगडला पायथ्याच्या दोन बाजूंना उभे असलेले स्वयंसेवक एकमेकांना ऐकू शकत नाहीत, कारण मध्ये डोंगर असतो. हजाराहून अधिक पायऱ्या चढून वर गेलेल्या एकाला निरोप्या नेमा. त्याला दोघेही ऐकू येण्याची शक्यता बरीच वाढते. भिलाईत मिरवणूक असेल तेव्हा हेच काम गच्चीवरचा माणूस करतो. सपाट रस्त्यावर जथ्याच्या मध्यभागी चालणारा एक जण निरोप पुढे-मागे देऊ शकतो.

बोलताना संच उभा धरा. आडवा धरल्यास संदेश क्षीण होतो. बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द गळतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव घ्या, मग आपले. एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून वाक्ये छोटी ठेवा. ठिकाण दोनदा सांगा आणि ऐकणाऱ्याकडून ते परत म्हणवून घ्या.

संचावरचे ‘प्रायव्हसी कोड’ नावाला फसू नका. त्याने इतरांचे बोलणे तुम्हाला ऐकू येत नाही; तुमचे मात्र त्या वाहिनीवरच्या कोणालाही ऐकू जाऊ शकते. आजारी माणसाचे नाव आणि फोन नंबर हवेत सोडू नका. कारखान्यात ज्वालाग्राही वायूच्या भागात त्यासाठी प्रमाणित नसलेला संच नेऊ नका.

६. स्वाध्याय

१) ५०० मीटर अंतरासाठी फ्रेनेल क्षेत्राची मध्यावरची त्रिज्या काढा. (उत्तर : सुमारे ९ मीटर)
२) मान्यताप्राप्त संचांची एक जोडी घ्या. एक मित्र रस्त्यावर चालत जाऊ द्या; तुम्ही आधी अंगणातून, मग गच्चीवरून बोला. आवाज कोठे तुटला ते दोन्ही वेळा नकाशावर नोंदवा. हा नकाशा जत्रेच्या आधी तयार असेल, तर ऐनवेळी निरोप्याला कोठे उभे करायचे यावर वाद होणार नाही.