कोलेस्टेरॉलच्या धाकाने टाळलेले माकूल

ससून डॉक असो की रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर, जाळ्यात आलेले माकूल बर्फात पडते आणि त्यातले पुष्कळसे निर्यातीच्या वाटेला लागते. गोठवलेले स्क्विड आणि गोठवलेले कटलफिश यांची भारताच्या सागरी निर्यातीत स्वतंत्र नोंद होते. स्पेन आणि इटली ही त्यांची जुनी गिऱ्हाइके. आपल्याकडे मात्र सुरमई-पापलेटापुढे त्याला दुय्यम स्थान, आणि चाळिशी उलटली की ‘त्यात कोलेस्टेरॉल फार’ म्हणून तेही बंद. ही भीती अर्धवट माहितीवर उभी आहे आणि तिच्यापायी किनाऱ्यावरचे एक उत्तम अन्न आपण हातचे घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या स्क्विडमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या माकुलात, सुमारे ९२ कॅलरी, साडेपंधरा ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम १.४ ग्रॅम चरबी असते. एवढ्याशा चरबीतही हृदयाला हितकर अशी ओमेगा-३ मेदाम्ले अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास भरतात. युरोपातील अन्नसुरक्षा यंत्रणा प्रौढांना दिवसाला पाव ग्रॅम पुरेसे मानते. माकूल, कटलफिश आणि ऑक्टोपस या तिन्ही प्राण्यांचे रक्त निळे असते, कारण त्यात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहाऐवजी तांबे करते. तांब्याचे हे वैपुल्य मांसातही दिसते: माकुलात १.९ मिलिग्रॅम, तर प्रौढांसाठीची अमेरिकी शिफारस ०.९ मिलिग्रॅमची. ऑक्टोपसचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये बी-१२ जीवनसत्त्व २० मायक्रोग्रॅम असते, रोजची गरज मात्र अडीचच्या आत. कटलफिशमध्ये सहा मिलिग्रॅम लोह आहे. मटणातले लोह शरीर जितक्या सहज शोषते तितके हेही शोषेल असे धरून चालू नये. पण वरून लिंबू पिळले तर त्यातल्या क जीवनसत्त्वाची शोषणाला मदतच होते.

आता मुख्य आक्षेप. माकुलात १०० ग्रॅममागे २३३ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, ही गोष्ट खरी आहे. एका मोठ्या अंड्यातल्यापेक्षा ते जास्तच. पण तिन्ही प्राण्यांना एकाच तागडीत तोलणे चूक आहे. कटलफिशमध्ये हा आकडा ११२ आणि ऑक्टोपसमध्ये अवघा ४८, म्हणजे कोंबडीच्या मांसाहूनही कमी. दुसरे असे की रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, आणि ते वाढवण्यात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा हात मोठा असतो. माकुलात ही चरबी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. अमेरिकेच्या २०१५च्या आहार-मार्गदर्शिकेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा वगळली गेली, ती याच समजुतीतून. म्हणून कोलेस्टेरॉल कितीही खावे असे कोणी म्हटलेले नाही. ज्यांच्या घराण्यातच ते चढे आहे किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे. इतरांनी आठवड्यातून एकदा माकूल खाल्ले तर घाबरण्याचे कारण मला दिसत नाही.

जड धातूंची शंकाही रास्त आहे. कॅडमियम या प्राण्यांच्या पोटातल्या अवयवांत, विशेषतः पाचकग्रंथीत साठते. म्हणूनच युरोपीय संघाने घातलेली किलोमागे एक मिलिग्रॅमची मर्यादा आतडी काढलेल्या मांसाला लागू होते. आपल्या कोळणी शाईची पिशवी आणि पोट काढूनच माकूल हाती देतात, ती रीत आरोग्याच्याही हिताची आहे. पाऱ्याचे म्हणाल तर माकूल साधारण वर्षभर जगते, मोठ्या शिकारी माशांसारखा पारा साठवायला त्याला तेवढा अवधीच मिळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांसाठी केलेल्या यादीत स्क्विड सर्वोत्तम निवडीच्या गटात आहे. वातरक्ताचा म्हणजे गाऊटचा त्रास असणाऱ्यांनी मात्र जपून खावे, आणि शिंपले-कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

खरे नुकसान होते ते कढईत. पीठ लावून तळले की ९२ कॅलरींच्या १७५ होतात आणि चरबी पाचपट वाढते. शिवाय रबरासारखे चिवट लागते म्हणून अनेकांनी माकूल सोडले, त्यामागेही शिजवण्याची वेळ चुकणे हेच कारण असते. एक तर मोठ्या आचेवर दोनेक मिनिटांत उतरवावे, नाहीतर मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावे. मधल्या वेळेत ते आखडते. पुढच्या वेळी बाजारात ताजे, पांढरेशुभ्र, वास न येणारे माकूल दिसले तर साफ करून घ्या, आणि तळण्याऐवजी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुके करा.