हिरवा माथा, कुजलेली मुळे

पावसाळ्यात रायगड जिल्ह्यातील पळसदरीच्या धरणाकडे आणि स्वामी समर्थांच्या मठाकडे वर्दळ वाढते आणि जुनी झाडे उन्मळण्याची भीतीही याच दिवसांत सर्वाधिक असते. भिजलेल्या मातीची पकड ढिली होते, पानांनी भरलेला माथा वारा झेलतो. त्यात बसाल्टच्या कातळावर मातीचा थर पातळ असेल, तर मुळे खोल न जाता आडवी पसरतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये असंख्य झाडे मुळांसकट आडवी झाली.

पडेपर्यंत हिरवेगार दिसणारे झाड आतून कुजलेले कसे असते? पाणी शोषतात ती बारीक मुळे. झाडाला धरून ठेवतात ती बुंध्यालगतची जाड मुळे. रस्ता रुंद करताना किंवा पाइपलाइनसाठी चर खणताना जाड मुळे तुटली, की त्या जखमेतून गॅनोडर्मासारखी बुरशी आत शिरते आणि लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन पचवू लागते. कूज पुष्कळदा मुळांच्या खालच्या बाजूने सुरू होते. उरलेल्या बारीक मुळांवर पालवी मात्र फुटत राहते.

म्हणून तपासणी बुंध्याच्या पायथ्यापासून सुरू करावी. तिथे खापरीसारखी टणक अळंबी उगवली आहे का, झाड नव्याने कलले आहे का, वाऱ्याच्या बाजूची जमीन भेगाळली आहे का, शेंडे विरळ झाले आहेत का, हे पाहावे. मग लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकावा आणि माती हलक्या हाताने बाजूला करून जाड मुळे उघडी पाहावीत. ध्वनिलहरींचे यंत्र खोडातली पोकळी दाखवते, पण जमिनीखालचे त्याला फारसे कळत नाही. तिथे ओढ-चाचणी उपयोगी पडते: दोर बांधून मोजक्या जोराने झाड ओढतात आणि पायथा किती कलतो ते मोजतात. चाचणीत हा कल अवघ्या पाव अंशापुढे जाऊ देत नाहीत.

खोडात ढोली आहे एवढ्यावरून झाड तोडू नये. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅथेक यांच्या ठोकताळ्यानुसार त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचे निरोगी लाकूड भोवती असेल, तर पोकळ खोडही तग धरते. मुळांना मात्र हा हिशेब लावता येत नाही.

लाकडात भिनलेली बुरशी औषधाने जात नाही. ढोलीत सिमेंट भरूनही झाडाला बळ येत नाही. धोका मात्र कमी करता येतो. झाडाखालची टपरी, बाकडी, पार्किंग आधी हलवावे. शेंडा सरसकट न उडवता फांद्यांची टोके बेताने छाटून उंची आणि वाऱ्याचा भार घटवावा. मुळांभोवती खोदकाम, भराव, काँक्रीट टाळून पालापाचोळा पसरावा. धरणारी मुळेच उरली नसतील, तर झाड काढावेच. त्यासाठी शहरी हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा, तर ग्रामीण भागात अनुसूचित झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड कायदा पाहून परवानगी घ्यावी.

वर्दळीच्या वाटेवरील प्रत्येक जुन्या झाडाची मे महिन्यात तपासणी व्हावी, पावसानंतर अळंबीसाठी पुन्हा एकदा. दरवर्षीचे फोटो आणि मापे नोंदवहीत राहिली, तर बदल वेळीच कळतो; माणसेही वाचतात आणि विनाकारण तोडली जाणारी झाडेही.