काबेल नदारे!

मुंबईतल्या इराण्यांच्या हॉटेलांत ब्रून-मस्का खाण्यात माझी हयात गेली. तेव्हा इराणी माणसाशी कसे बोलावे हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. लॉस एंजेलिसला मुलाकडे गेलो आणि पहिल्याच आठवड्यात ती उतरली.

तिथे वेस्टवूड बुलेव्हार्ड नावाचा रस्ता आहे. १९७९ च्या क्रांतीच्या सुमारास देश सोडून आलेल्या इराण्यांनी त्यावर इतकी दुकाने थाटली की, लोक गमतीने त्या भागाला 'तेहरांजेलिस' म्हणतात. तिथल्या एका दुकानात मी पिस्ते घेतले आणि किंमत विचारली. गल्ल्यावरचे आजोबा छातीवर हात ठेवून म्हणाले, "काबेल नदारे!"

शेजारच्या नातवाने इंग्रजीत अर्थ सांगितला, "तुमच्यापुढे याची काय किंमत!"

मी गहिवरलो. नमस्कार केला आणि पुडा घेऊन चक्क चालू लागलो! नातू बिचारा धावत मागे आला.

वाचकहो, ही तिथली 'तारोफ'ची रीत. दुकानदाराने पैसे नकोत म्हणायचे, गिऱ्हाइकाने "ख्वाहेश मीकोनम", म्हणजे विनंती करतो, म्हणायचे. असे दोन-तीनदा झाले की मग आकडा सांगायचा. दुकानात शिरताना "खस्ते नबाशिद", तुम्ही न थको! (आपण खस्ता खातो, तीच ही खस्ता.) पुडा घेताना "तुमचा हात न दुखो", त्यावर उत्तर, "तुमचे डोके न दुखो". नातवाला हे सारे वेळखाऊ वाटे. तो यंत्रावरचा आकडा दाखवून मोकळा होई.

एकदा माझ्यापुढे एक म्हाताऱ्या बाई होत्या. रोटी, पालेभाजी, चहाचा डबा. त्यांनी पाकिटातले पैसे दोनदा मोजले आणि डबा हळूच बाजूला सारला. नातू आकडा सांगणार, तोच आजोबांनी यंत्रावर पंजा ठेवला.

"काबेल नदारे."

"ख्वाहेश मीकोनम."

तीनदा झाले, चारदा झाले. आजोबांनी आकडा सांगितलाच नाही. बोलता बोलता डबा मात्र पिशवीत गेला. रांगेतल्या कुणाला वाटावे, नेहमीचेच चालले आहे.

"तुमचा हात न दुखो," बाई म्हणाल्या.

"तुमचे डोके न दुखो."

माझी पाळी आली. आजोबा म्हणाले, "काबेल नदारे!" मी आता शहाणा झालो होतो. "ख्वाहेश मीकोनम," म्हणालो. त्यांनी ताबडतोब आकडा सांगितला. सेंटसुद्धा सोडला नाही!