तोफेपाशी उभा राहिलेला मुलगा

शौर्य म्हटले की शत्रूवर तुटून पडणारा वीर आपल्या डोळ्यांपुढे येतो. जॅक कॉर्नवेल या ब्रिटिश खलाशाचे शौर्य निराळे होते. ३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात जटलंडची लढाई जुंपली, तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. ‘चेस्टर’ युद्धनौकेवरील एका तोफेचा नेम आज्ञेबरहुकूम जुळवून देणे, हे त्याचे काम. जर्मन तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्याचे सोबती कोसळले. तो स्वतः जबर जखमी झाला. तरीही पुढील आज्ञेची वाट पाहत तो तोफेपाशी उभाच राहिला.

२ जून रोजी ग्रिम्सबीच्या रुग्णालयात, आई पोहोचण्यापूर्वीच, त्याने प्राण सोडला. गरिबाघरचा तो मुलगा. प्रथम त्याला सामाईक कबरीत पुरण्यात आले. पुढे कीर्ती पसरली, तेव्हा २९ जुलैला नौदलाच्या इतमामाने त्याचे पुन्हा दफन झाले आणि त्याला मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला.

त्याच्या कर्तव्यनिष्ठेपुढे मस्तक नमते. परंतु त्याचे स्मरण करताना त्याचे वयही आपण विसरू नये. राष्ट्राला वीर लाभला. आईचा मुलगा मात्र घरी परतला नाही.