ई-मेल सर्व्हरवरील निर्बंध आणि दूरस्थ अभ्यासक

स्पॅम रोखण्यासाठी ई-मेल सर्व्हरवर निर्बंध घालावे लागतात, ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हे निर्बंध परक्यांबरोबर स्वकीयांनाही अडवितात. आणि त्याचे कारण बहुधा नियमांच्या कठोरपणात नसून त्यांच्या क्रमात असते.

समजा, विभागातील एखादा अभ्यासक बोलीची सामग्री जमविण्यासाठी मुळशी तालुक्यातील घोटावडे येथे राहिला आहे. दिवसभराची टाचणे तो रात्री मोबाइलच्या इंटरनेटवरून, विभागाच्याच सर्व्हरमार्फत, मार्गदर्शकांकडे धाडू पाहतो. त्या वेळी त्याच्या वाट्यास आलेला आय.पी. पत्ता तात्पुरता असतो. पुष्कळदा तो अनेक ग्राहकांत सामाईकही असतो. असे पत्ते स्पॅमहाउस ह्या संस्थेच्या एका यादीत मुद्दाम घातलेले असतात. ती यादी अपराध्यांची नव्हे. ज्या पत्त्यांवरून परक्या सर्व्हरकडे परभारे पत्र येणे अपेक्षित नाही, अशांची ती यादी होय. हा भेद न जाणता ती सरसकट लावली, की घोटावड्याचे पत्र दारातूनच परत फिरते.

पोस्टफिक्स ह्या प्रचलित सर्व्हर-प्रणालीत नियम वरून खाली वाचले जातात, आणि जो पहिला नियम निर्णय देईल त्यापाशी त्या नियमावलीचे वाचन थांबते. व्याकरणाच्या अभ्यासकास हे विपरीत वाटेल. पाणिनीच्या पद्धतीत तुल्यबल नियमांपैकी नंतरचा बलवान ठरतो, आणि अपवाद हा उत्सर्गास बाधतोच. यंत्रास मात्र अपवाद ओळखता येत नाही. तो आधी लिहावा लागतो. म्हणून परवलीचा शब्द देऊन ओळख पटविलेल्यास प्रथम अनुमती द्यावी, आणि मगच यादीची तपासणी ठेवावी. एका नियमावलीतील अनुमती दुसरीस बंधनकारक नसते. संगणकाने सांगितलेल्या नावाची तपासणी वेगळ्या नियमावलीत असेल, तर तेथेही हा अपवाद पुन्हा लिहावा.

ह्याहून श्रेयस्कर मार्ग म्हणजे दोन दारे ठेवणे. १९८२ च्या एस.एम.टी.पी. संकेतात ओळख पटविण्याची सोयच नव्हती. ती १९९९ मध्ये आली. त्याआधीच, १९९८ मध्ये, स्वकीयांची पत्रे स्वीकारण्यासाठी ५८७ क्रमांकाचे पोर्ट नेमण्यात आले होते. तेथे ओळख सक्तीची करावी व याद्या लावू नयेत. याद्या २५ क्रमांकाच्या पोर्टावर, अन्य सर्व्हरांसाठी, राहू द्याव्यात.

कित्येकजण मोबाइल कंपनीचे सारे पत्तेच ‘आपले’ म्हणून नोंदवितात. हा उपाय घातक आहे; त्या कंपनीच्या कोणाही ग्राहकास मग आपल्या सर्व्हरवरून जगभर स्पॅम पाठविता येतो, आणि थोड्याच काळात आपलाच सर्व्हर त्या याद्यांत जाऊन बसतो. नवा निर्बंध घालताना तो आरंभी केवळ नोंद करण्यापुरता चालविण्याची सोय पोस्टफिक्समध्ये आहे. आठवडाभर ती नोंदवही वाचावी; कोणाकोणाची पत्रे अडली असती, ते तीत दिसते.